आईच्या हातातली फाइल

पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मलेल्या मुलाला रक्त मिळालं नाही तर ते पहिल्या काही वर्षांतच जायचं. मिळालं तर त्याच रक्तातून साचत गेलेलं लोह विशीच्या आसपास हृदय बंद पाडायचं. सिकलसेलची कितीतरी मुलं तापात आणि न्यूमोनियात जायची, आणि आपलं मूल कशानं गेलं हे आईबापांना कळायचंही नाही. हिमोफिलियाचा मुलगा जगला तरी सोळाव्या वर्षी गुडघा आखडून घरात बसलेला असायचा. आज रक्ताच्या या तिन्ही आजारांची मुलं दहावीला बसतात, कॉलेजात जातात, हॉस्टेलवर राहतात, प्रेमात पडतात. त्यामुळे पूर्वी न पडलेला प्रश्न आता हजारो घरांत पडतो आहे. ज्याला जपून जपून इथवर आणलं, त्याचा कारभार त्याच्या हातात द्यायचा कसा, आणि कधी?

भारतात दरवर्षी सुमारे १०,००० मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. सिकलसेलसाठी तर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीमच सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन हे तिचं लक्ष्य. तपासणीबद्दल बोललं जातं, ते जायलाच हवं. पण ज्यांची तपासणी होऊन गेली, जे आजार घेऊन वाढत आहेत, त्यांच्या चौदा ते वीस या वयाबद्दल फार कमी बोललं जातं.

या बाबतीतले सल्ले बहुधा वयावर बेतलेले असतात. बाराव्या वर्षी औषधांची नावं पाठ, पंधराव्या वर्षी डॉक्टरांशी एकट्यानं बोलणं, अठराव्या वर्षी सगळं त्याचं त्यानं. मला वय दुय्यम वाटतं. आधी पाहायचं ते हे, की त्या आजारात चूक झाली तर शरीर ती कधी दाखवतं. हिमोफिलियात रक्त गोठवणारं फॅक्टर घ्यायला उशीर झाला की सांधा काही तासांत सुजतो. सिकलसेलमध्ये दिवसभर पाणी प्यायलं नाही, पावसात भिजलं, की रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी हाडं ठणकायला लागतात. थॅलेसेमियात मात्र लोह बाहेर काढणारी गोळी आज चुकली, उद्या चुकली, सबंध महिना चुकली, तरी काहीच होत नाही. होतं ते काही वर्षांनी, आणि तेव्हा सावरायला वेळ कमी उरलेला असतो. जिथे शरीर लगेच टोकतं, तिथे मुलावर लवकर सोडता येतं, कारण शरीरच त्याला शिकवतं. जिथे ते वर्षानुवर्षं गप्प राहतं, तिथे मोठ्यांची नजर उशिरापर्यंत असावी लागते. तिन्ही आजारांना एकच वेळापत्रक लावणं म्हणूनच चुकीचं आहे.

थॅलेसेमियाकडे जरा सविस्तर पाहू. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं. शरीर स्वतःहून बाहेर टाकू शकतं ते दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, म्हणजे हा हिशेब कधीच जुळत नाही. उरलेलं लोह यकृतात, हृदयात आणि अंतःस्रावी ग्रंथींत जाऊन बसतं. पूर्वी ते काढायला एकच उपाय होता. पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची, ती छोट्या पंपाला जोडायची आणि रात्रभर, आठ ते बारा तास, डेस्फेरिऑक्झामिन आत सोडत राहायचं. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. लहानपणी आई ती सुई लावायची आणि मूल झोपून जायचं. पंधराव्या वर्षी तोच मुलगा सुई काढून टाकायला लागायचा. ब्रिटनमधल्या थॅलेसेमिया रुग्णांच्या नोंदवहीचा आढावा २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले निम्मे रुग्ण पस्तिशीच्या आत दगावत होते, आणि मुख्य कारण हे, की उपचार इतका जाचक होता की तो नीट पाळणं माणसाला झेपत नव्हतं. औषध होतं, दवाखाने होते, जाणते डॉक्टर होते. नव्हती ती रोज रात्री सुई टोचून घेण्याची ताकद. हा आढावा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मुलांना बेजबाबदार ठरवलेलं नाही, दोष उपचाराच्या ओझ्याला दिला आहे.

आता गोळ्या आहेत. डेफेरिप्रोन भारतात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातच आलं. डेफेरासिरॉक्सला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढे ते आपल्याकडेही रुळलं. पंप गेला, पण कंटाळा गेला नाही. पाण्यात विरघळवून घ्यायच्या गोळीचा खडूसारखा गढूळ पेला रोज रिकाम्या पोटी प्यायचा, मग मळमळ, मग तशीच शाळा गाठायची. मित्रांबरोबर सहलीला गेलं की चार दिवस तो पेला नाही, आणि चार दिवसांनी अंगात काही फरकही जाणवत नाही. मुलाला त्यातून काय कळणार? नाही घेतली तरी चालतं, हेच. अशा वेळी ‘घेतलीस का गोळी?’ हा रोजचा प्रश्न दोघांनाही थकवतो आणि पुढे खोटं बोलायला शिकवतो.

त्यापेक्षा शरीर जे दाखवत नाही ते कागदावर दाखवावं. रक्ततपासणीत लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचा दर तीन महिन्यांचा आकडा मुलानं स्वतःच्या वहीत लिहावा आणि वर्षभराची रेघ स्वतः काढावी. हृदयातलं लोह मोजणारा एमआरआय, ज्याला डॉक्टर ‘टी टू स्टार’ म्हणतात, त्याचा आकडा २० मिलिसेकंदांच्या वर हवा आणि १० च्या खाली गेला तर धोका मोठा, हे त्याला माहीत असावं. अहवालाचं पाकीट त्यानंच आधी उघडावं. बरेच पालक ते लपवतात, पोर घाबरेल म्हणून. घाबरण्यापेक्षा न कळणं जास्त महागात पडतं. आणि एवढं करूनही गोळी पोटात जाते आहे ना, याकडे घरातल्या कुणाचं तरी लक्ष सतराव्या, अठराव्या वर्षीही असावं. निर्णय मुलाचा आणि सोबत मोठ्यांची, अशी वाटणी या आजारात बराच काळ चालावी लागते. आईनं एका दिवशी अंग काढून घेतलं, तर ते मुलाला एकटं पाडणं होतं.

काही गोष्टी मात्र लवकर त्याच्याकडे द्यायलाच हव्यात, कारण त्या प्रसंगी आई जवळ नसेल. डेफेरिप्रोन घेणाऱ्याला ताप आला तर गोळी त्याच क्षणी बंद करून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या, कारण हे औषध क्वचित त्या पेशी घातक पातळीपर्यंत खाली आणतं. हे हॉस्टेलवरच्या मुलाला झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. रक्ताची पिशवी लावण्याआधी तिच्यावरचा गट आणि क्रमांक आपल्या कागदाशी जुळतो का, हे सिस्टरबरोबर त्यानंही पाहावं. दहा वर्षांचं मूल हे करू शकतं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटतात, ती योजना चांगली आहे, पण ज्याला वरचेवर रक्त चढवलं जातं त्याच्यासाठी ती गोळी नाही. रांगेत उभं असताना ‘सर, मला थॅलेसेमिया आहे, मला ही गोळी चालत नाही’ असं म्हणायला धीर लागतो. ते वाक्य घरी म्हणून पाहावं लागतं.

स्वातंत्र्याच्या आड येणारी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल पालकही बोलत नाहीत. लोह पिट्युटरी ग्रंथीत साचलं की वयात येणं लांबतं. सोळा वर्षांचा मुलगा अकरा-बारा वर्षांचा दिसतो. कंडक्टर अर्धं तिकीट देतो, दुकानदार ‘बाळा’ म्हणतो, डॉक्टर त्याच्या डोक्यावरून आईशी बोलतात. वर्गातल्या मुलांना मिशा फुटलेल्या असतात आणि हा व्यायामाच्या तासाला शर्ट बदलायला कोपरा शोधतो. मुलीची पाळी येत नाही आणि घरात त्यावर कुजबुज होते. तेराव्या वर्षापर्यंत मुलीत आणि चौदाव्यापर्यंत मुलात वयात येण्याची काहीच लक्षणं दिसली नाहीत तर हार्मोनतज्ज्ञाला दाखवायचं, असा संकेत आहे. उपचार आहेत आणि ते वेळेवर व्हायला हवेत. त्याच्याशी बोलताना मात्र उंचीकडे न पाहता वयाकडे पाहायला हवं, आणि ही सवय घरानंच इतरांना लावायची आहे.

सिकलसेलचं चित्र निराळं आहे, आणि त्याचं कारण आजारापेक्षा भूगोलात जास्त आहे. मुंबईतल्या थॅलेसेमियाच्या मुलाला स्वातंत्र्य फार उशिरा मिळतं. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीतल्या सिकलसेलच्या मुलाला ते सहाव्या-सातव्या वर्षीच मिळतं, कुणी न देता. तो आश्रमशाळेत असतो. आई पंचवीस-तीस मैलांवर, अधीक्षकांकडे शेकडो मुलं. कळा कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज कोण देणार? रात्री दोन वाजता मांडी ठणकायला लागली तर कुणाला उठवायचं? या मुलावर कारभार आधीच येऊन पडलेला आहे, कमी आहे ती माहिती आणि साथ. शहरातल्या पालकांसाठी लिहिलेले ‘मुलाला मोकळीक द्या’ असे सल्ले इथे वाचून दाखवणं क्रूर होईल.

इथे एखादी साधी सोयही मोठा फरक करते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. मूल भरपूर पाणी पितं, त्याला ते प्यावंच लागतं, आणि त्याला वरचेवर लघवीला जावं लागतं, रात्रीही. वर्गात तिसऱ्यांदा हात वर केला की शिक्षक ओरडतात, मुलं हसतात. मग ते पाणी पिणं सोडतं, आणि दुपारच्या उन्हात कवायत झाली की दोन दिवसांत कळा सुरू होतात. विचारायला न लागता बाहेर जायची मुभा आणि बाकावर पाण्याची बाटली, एवढ्यानंही कितीतरी कळा टळतील. थंडीतल्या पहाटेची गार पाण्याची अंघोळ हीही तशीच गोष्ट. शिक्षकांना आणि अधीक्षकांना धोक्याच्या खुणा ठाऊक हव्यात. १०१ अंशांवरचा ताप, छातीत दुखणं आणि दम लागणं, अचानक पांढरं पडणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं. यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नसते. वयात आलेल्या मुलांमध्ये आणखी एक त्रास होतो, लिंगाला तासन्‌तास न उतरणारा, दुखरा ताठरपणा. लाजेनं मुलगा सांगत नाही आणि कायमचं नुकसान होतं. हे त्याला आधीच, पुरुष डॉक्टरांनी किंवा कार्यकर्त्यानं, एकांतात सांगून ठेवायला हवं.

अभ्यासाचंही सांगायला हवं. सिकलसेलमध्ये मेंदूत बाहेरून न जाणवणारे छोटे झटके येऊ शकतात. अमेरिकेतल्या गंभीर प्रकारच्या रुग्णांमध्ये वय अठरा होईपर्यंत तिघांतल्या एकाहून जास्त मुलांच्या मेंदूत त्यांच्या खुणा सापडल्या आहेत. भारतातला आजार काही भागांत तुलनेनं सौम्य आहे, विदर्भात मात्र त्याची तीव्र रूपंही दिसतात. औषधाची वेळ विसरणारा, गणितात मागे पडणारा मुलगा आळशी असेलच असं नाही.

हिमोफिलियात मात्र मनापासून आनंद वाटावा असं बरंच घडलं आहे. फॅक्टर शिरेतून स्वतः घ्यायला शिकलेला चौदा वर्षांचा मुलगा पाहावा. पट्टा बांधतो, शीर चाचपतो, बटरफ्लाय सुई सरकवतो, नळीत रक्त आलेलं पाहून पट्टा सोडतो आणि हळूहळू औषध ढकलतो. आई दारात उभी असते, आत येत नाही. हे कौशल्य आलं की त्याचं जग मोठं होतं. सायकल, पोहणं, मामाच्या गावची सुट्टी, सगळं शक्य होतं. कबड्डी आणि कुस्ती नाही, हे दुःख त्याला पचवावं लागतं. ते त्याला पचवू द्यावं, उगाच समजूत घालू नये. एमिसिझुमॅब या औषधानं हिमोफिलिया ‘ए’मध्ये हे सगळं आणखी सोपं केलं आहे. ते कातडीखाली घ्यायचं, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी एकदा. पण ते महाग आहे, सगळ्यांना मिळत नाही. आणि त्यामुळे एक नवी काळजीही आली आहे. ज्यांना रक्तस्राव जवळपास होतच नाही, ती मुलं तो ओळखायलाच शिकत नाहीत. सांधा सुजण्याआधी आत जी चमक येते, जो कोमटपणा जाणवतो, तो जुन्या रुग्णांना क्षणात कळतो. ते ज्ञान पुढच्या पिढीला द्यायला हवं, कारण अपघात आणि शस्त्रक्रिया टळत नाहीत. डोकेदुखीला अ‍ॅस्पिरिन नाही, दंडात किंवा कमरेत खोल इंजेक्शन नाही, डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर आणि मग स्कॅन, हे मित्रांनाही सांगून ठेवलेलं बरं.

रक्तस्रावाचे आजार मुलांचेच, असा समज मुलींना भोवतो. एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ मध्ये रक्तस्रावाच्या ज्या आजाराचं पहिलं वर्णन केलं, तो त्यांना ऑलंड बेटांवरच्या एका लहान मुलीत दिसला होता. ती पुढे चौथ्या मासिक पाळीच्या रक्तस्रावात गेली. शंभर वर्षं झाली तरी आपल्याकडे पाळी सात-आठ दिवसांपुढे गेली, तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागला, तर ‘होतं असं सुरुवातीला’ म्हणून मुलीला गप्प केलं जातं. मुलीचा आजार मुलाच्या आजारापेक्षा जास्त लपवला जातो, त्यामुळे स्वतःच्या शरीराबद्दल बोलायची सवयच तिला लागत नाही. तिला मोकळीक द्यायची तर सुरुवात इथून करावी लागेल.

आईबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बहुतेक घरांत फाइल आईच्या हातात असते. रक्तपेढीतले लोक तिला नावानं ओळखतात, डोनरचे फोन नंबर तिच्याकडे असतात, कुठल्या सिस्टरला शीर पहिल्या फटक्यात सापडते हे तिला माहीत असतं. तिनं नोकरी सोडलेली असते. ‘मुलाला सोडा आता’ असं तिला सांगणारे विसरतात, की पंधरा वर्षं हेच तिचं काम होतं. तिला या कामातून हळूहळू बाहेर पडायला वेळ हवा, आणि बाहेर पडून जायला काहीतरी हवं. वडिलांनी या वयात पुढे यावं असं मला वाटतं. मुलग्याला तर काही प्रश्न आईला विचारताच येत नाहीत.

आणि रुग्णालयं. आपल्याकडे अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागाची हद्द बाराव्या वर्षी संपते, काही ठिकाणी अठराव्या. उलट बऱ्याच थॅलेसेमिया केंद्रांत पंचविशीचे तरुणही भिंतीवरच्या कार्टूनखाली रक्त घेत बसलेले दिसतात, कारण त्यांना घ्यायला मोठ्यांचा विभाग तयार नसतो. दोन्हींत नुकसानच आहे. अमेरिकेत डॅलसमधल्या सिकलसेल मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अलीकडचे सगळे मृत्यू अठरा वर्षांपुढचे होते, आणि त्यांतले बहुतेक मोठ्यांच्या रुग्णालयात गेल्यावर थोड्याच काळात झालेले. लहानपण सुखरूप पार पडलं होतं, मृत्यू झाले ते दोन विभागांच्या मधल्या फटीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत या बदलाची तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करायला सांगितली आहे आणि प्रत्येक मुलामागे एक ठरलेला माणूस असावा असं म्हटलं आहे.

आपल्या जिल्हा रुग्णालयांत इतकी माणसं नाहीत, हे मान्य. पण थोडं आजही करता येईल. बारा वर्षांपुढच्या मुलाला ओपीडीत पहिला प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. आई लगेच बोलायला लागते, तिला नम्रपणे थांबवावं. शेवटची पाच मिनिटं आईबाप बाहेर आणि मूल आत. मोठ्यांच्या विभागातल्या डॉक्टरांनी वर्षातून दोनदा बालरोगाच्या ओपीडीत येऊन बसावं, म्हणजे नवा चेहरा जुना होईल. आणि आजार, औषधं, रक्तगट, रक्ताला आलेल्या प्रतिक्रिया, शेवटचे अहवाल हे एका पानावर लिहून मुलाच्या हाती द्यावं. मुंबईत केईएमच्या आवारातली आयसीएमआरची रक्तविकार संस्था आणि तिचं चंद्रपूरचं केंद्र या कामाला दिशा देऊ शकतात. किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिकं या मुलांना जोडून घेऊ शकतात.

कायद्यानं थोडी वाट मोकळी केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया तिन्ही आले. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त नोंद असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांत त्यांना वाव आहे. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र हे आजार नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं. शिकवायचं आणि मग महिन्याला दोन दिवस रक्तासाठी रजा लागणाऱ्या तरुणाला खाजगी मालकाच्या मर्जीवर सोडायचं, याला अर्थ नाही. पगार हातात आल्याशिवाय औषधाचा निर्णय स्वतःचा होत नाही.

राहतं लग्न. घरात याबद्दल बहुधा दोनच सूर असतात, ‘हिचं कोण करणार’ किंवा ‘आत्ताच कशाला तो विषय’. दोन्हींत मुलीला काही विचारलेलं नसतं. वास्तविक इथे माहिती स्पष्ट आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या व्यक्तीचा जोडीदार वाहक नसेल तर मुलं वाहक होतील, आजारी होणार नाहीत. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता निम्मी. सिकलसेलचंही तेच गणित, म्हणून विदर्भातली जाणती घरं ‘पॅटर्न’ विचारतात, म्हणजे वाहक की रुग्ण ते. हिमोफिलियाच्या पुरुषाची जोडीदार वाहक नसेल तर मुलगे निरोगी, मुली सगळ्या वाहक. थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये जोडीदाराची एक साधी रक्ततपासणी हे सांगते. मूल हवं असेल तर हायड्रॉक्सियुरिया आणि लोह काढणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं, त्या चालू असताना गर्भ राहणं योग्य नाही. हे सगळं पंधराव्या-सोळाव्या वर्षी, स्थळं यायच्या कितीतरी आधी सांगायचं असतं. समोरच्याला आजाराबद्दल केव्हा सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, हे त्या मुलीनं किंवा मुलानं ठरवायचं. लपवून लग्न लावून देणाऱ्या पालकांना बाकीच्यांनी अडवायचं, मग ते आपले सख्खे भाऊ-बहीण का असेनात.